‘शिवाय’चं इंग्रजी प्रत्येक वेळी ‘एक्सेप्ट’ नसतं

इंदूरच्या मराठी घरातलं कुणी इंग्रजी शिकायला बसतं तेव्हा त्याच्या तोंडात दोन भाषा आधीपासून असतात. घरात ‘शिवाय’ आणि दाराबाहेर ‘के अलावा’. ‘एक्सेप्ट’ शिकताना नेमके हेच दोन शब्द आडवे येतात. शब्दकोशात अर्थ सापडतो, ‘शिवाय, खेरीज, वगळून’, आणि आपण पहिला उचलून पुढे जातो. तिथेच गाडी घसरते. या तिघांत बिनधोक भरवसा ठेवावा असा एकच आहे, तो म्हणजे शेवटचा ‘वगळून’.

कारण बघा. ‘आजीशिवाय सगळ्यांनी गराडू खाल्ला.’ इथे आजीने गराडू (इंदुरी तळलेला कंद) खाल्ला नाही. आता ‘आजीशिवाय आणखी तिघांनी गराडू खाल्ला.’ इथे आजीने खाल्ला, वर आणखी तिघांनी. ‘आजीशिवाय’ हा शब्द दोन्हीकडे जसाच्या तसा आहे, पण एकात आजी बाहेर आणि दुसऱ्यात आत. हिंदीत जाऊनही सुटका नाही. ‘दादी के अलावा सबने’ आणि ‘दादी के अलावा तीन और’ यांत तोच घोळ आहे. गंमत अशी की दोन्ही शब्द अरबीतून आलेले. ‘शिवाय’च्या मुळाशी ‘वगळून’ हा अर्थ होता आणि ‘अलावा’च्या मुळाशी ‘भर, जोड’. उलट्या टोकांहून निघाले आणि आपल्या बोलण्यात एकाच ठिकाणी येऊन बसले.

इंग्रजीत मात्र आजी आत की बाहेर, हे शब्द निवडतानाच ठरतं. पहिल्या वाक्याला ‘एक्सेप्ट’, दुसऱ्याला ‘बिसाइड्स’.

पायरी पहिली: मराठी वाक्यातला ‘शिवाय’ ओळखा

इंग्रजीकडे वळण्याआधी मराठी वाक्यच नीट बघा. आपला ‘शिवाय’ निदान पाच कामं करतो आणि त्या सगळ्यांना इंग्रजीत एकच शब्द पुरत नाही.

‘आजीशिवाय सगळे’ म्हणजे आजी वगळून: ‘एक्सेप्ट’. ‘आजीशिवाय आणखी तिघं’ म्हणजे आजी धरून वर तिघं: ‘बिसाइड्स’. ‘जिरावणाशिवाय पोहे’ म्हणजे जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) न घालता: ‘विदाऊट’. ‘पाऊस थांबल्याशिवाय निघू नका’ यातला ‘-ल्याशिवाय’ क्रियापदाला चिकटलेला आहे, त्याला ‘अंटिल’ किंवा ‘अनलेस’: ‘डोन्ट लीव्ह अंटिल द रेन स्टॉप्स.’ आणि वाक्याच्या तोंडाशी येणारा, ‘शिवाय, एवढ्या रात्री रिक्षाही मिळणार नाही’ यातला सुटा ‘शिवाय’, त्याला ‘बिसाइड्स’ किंवा लिखाणात ‘मोरओव्हर’. या शेवटच्या जागी ‘एक्सेप्ट’ टाकला तर वाक्याचा अर्थच लागत नाही.

तपासणी सोपी आहे. ‘शिवाय’ काढा, तिथे ‘वगळून’ किंवा ‘सोडून’ ठेवा आणि वाक्य मोठ्याने म्हणा. ‘आजी सोडून सगळ्यांनी गराडू खाल्ला’ चाललं, म्हणजे ‘एक्सेप्ट’. ‘आजी सोडून आणखी तिघांनी’ म्हणताच अर्थ बदलला, म्हणजे ‘एक्सेप्ट’ नव्हे. ‘पाऊस थांबल्या वगळून’ तर मराठीच राहत नाही. अडचण फक्त ‘विदाऊट’ची, कारण ‘जिरावण वगळून पोहे द्या’ असं कुणी म्हणूही शकतं. ती अडचण दुसऱ्या पायरीवर मिटते.

जाता जाता: ‘बिसाइड्स’च्या शेवटचा ‘स’ गळला की तो ‘बिसाइड’ होतो आणि त्याचा अर्थ ‘शेजारी’. ‘बिसाइड माय ब्रदर, थ्री बॉइज केम’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला तीन मुलं तुमच्या भावाच्या बाजूला येऊन उभी दिसतील.

पायरी दुसरी: ढीग शोधा

‘एक्सेप्ट’ लॅटिनमधून आला. ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘कापेरे’ म्हणजे घेणं. मिळून ‘बाहेर काढणं’. हे लक्षात ठेवलं तर अर्धं व्याकरण पाठ करावं लागत नाही. बाहेर काढायचं तर आधी ढीग हवा. इंग्रजी वाक्यात तो ढीग बहुतेक वेळा शब्दाने दाखवलेला असतो: ऑल, एव्हरी, एव्हरीवन, एव्हरीथिंग, एव्हरीव्हेअर, ऑलवेज. किंवा नकारी ढीग: नो, नोबडी, नथिंग, नेव्हर. प्रश्नात ‘एनी’ही चालतो.

म्हणून ‘आय बॉट व्हेजिटेबल्स एक्सेप्ट ब्रिंजल’ हे वाक्य कानाला खटकतं. भाज्या घेतल्या, पण कुठल्या आणि किती? ढीग कळत नाही, मग वांगं कशातून काढलं? ‘आय बॉट ऑल द व्हेजिटेबल्स ऑन द लिस्ट एक्सेप्ट ब्रिंजल’ म्हटलं की यादी हा ढीग झाला आणि वांगं त्यातून बाहेर आलं. ‘सम’, ‘मेनी’, ‘फ्यू’ यांच्याशी ‘एक्सेप्ट’ची जोडी जमत नाही. ‘सम शॉप्स वेअर ओपन एक्सेप्ट द कॉर्नर शॉप’ यात ‘काही’ म्हणजे नेमकी कोणती हेच ठरलेलं नाही, तर कोपऱ्यावरचं दुकान वगळायचं कशातून?

जिरावणाचंही उत्तर यातच आहे. ‘पोहे विदाऊट जिरावण’ यात ढीग नाही, एक बशी आहे आणि एक वस्तू तिच्यात नाही. ‘आय टूक एव्हरीथिंग ऑन द टेबल एक्सेप्ट द जिरावण’ यात टेबलावरच्या सगळ्या वस्तूंचा ढीग आहे. बशीला ‘विदाऊट’, ढिगाला ‘एक्सेप्ट’.

शंका उरलीच तर आकडे मांडा. सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, घरातली सहा माणसं गेली. ‘एव्हरीवन एक्सेप्ट आजी एट गराडू’ म्हणजे खाणारे पाच. ‘बिसाइड्स आजी, फाइव्ह पीपल एट गराडू’ म्हणजे खाणारे सहा. वजाबाकी होते ती ‘एक्सेप्ट’ची जागा, बेरीज होते ती ‘बिसाइड्स’ची.

कधी ढीग लपलेला असतो. ‘द लायब्ररी इज ओपन एक्सेप्ट ऑन मंडेज.’ इथे ‘ऑल’ नाही, ‘एव्हरी’ नाही, पण ‘उघडी असते’ या म्हणण्यात आठवड्याचे सातही दिवस आलेच. अशी वाक्यं वाचताना ओळखता आली म्हणजे झालं. लिहिताना सुरुवातीला ढिगाचा शब्द घालण्याची सवय ठेवा.

पायरी तिसरी: पुढे ‘फॉर’ लावायचा का?

शिकवणीत सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि ‘दोन्ही चालतात’ हे त्याचं अर्धंच उत्तर. ढिगाचा शब्द आधी येऊन गेला असेल तर खरंच दोन्ही चालतात: ‘एव्हरीवन केम एक्सेप्ट सुनील’ किंवा ‘एक्सेप्ट फॉर सुनील’. पण दोन जागा अशा आहेत जिथे ‘फॉर’ लागतोच.

पहिली जागा म्हणजे नाव किंवा सर्वनाम घेऊन वाक्याची सुरुवात. ‘एक्सेप्ट फॉर सुनील, एव्हरीवन केम’ बरोबर. ‘एक्सेप्ट सुनील, एव्हरीवन केम’ हे आपल्याकडच्या लिखाणात सर्रास दिसतं, पण चूक आहे. ही चूक आपल्या हातून वारंवार होते, कारण मराठीत ‘सुनीलशिवाय’ हे सहज पहिलं येतं. सोपा उपाय असा की सुरुवातीला ‘एक्सेप्ट’ आणूच नका, वाक्याच्या शेवटी ठेवा.

दुसरी जागा म्हणजे काढलेली वस्तू ढिगाच्या जातीची नसते तेव्हा. ‘द वाडा वॉज डार्क एक्सेप्ट फॉर वन लॅम्प इन द देवघर.’ एक समई म्हणजे वाड्याचा भाग नव्हे. ‘अंधार होता’ या एकूण म्हणण्याला ती थोडासा छेद देते. तसंच ‘युवर एसे इज गुड एक्सेप्ट फॉर द स्पेलिंग.’ असं एकूण मत देऊन मागून एक उणीव सांगायची असेल तिथे ‘फॉर’ हवाच.

उलट, पुढे ‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’, ‘फ्रॉम’ असं शब्दयोगी अव्यय असेल तर ‘फॉर’ घालायचा नाही: ‘एक्सेप्ट ऑन संडेज’, ‘एक्सेप्ट इन द रेनी सीझन’. आणि अशा वेळी वाक्याच्या सुरुवातीलाही नुसता ‘एक्सेप्ट’ चालतो. ‘एक्सेप्ट ऑन संडेज, द काउंटर ओपन्स ॲट टेन’ यात काहीही चूक नाही. ‘सुरुवातीला एक्सेप्ट कधीच येत नाही’ असा नियम कुणी पाठ करून घेतला असेल तर तो विसरा.

पायरी चौथी: ‘एक्सेप्ट’नंतर काय येतं

सर्वनाम असेल तर मी (एम-ई), हिम, हर, अस, देम. ‘एव्हरीवन नोज एक्सेप्ट मी.’ ‘एक्सेप्ट आय’ लिहू नका.

क्रियापद आलं तर मागे बघा. मागे ‘डू’ असेल तर पुढचं क्रियापद उघडं, ‘टू’ न लावता: ‘वी कुड डू नथिंग एक्सेप्ट वेट.’ मागे ‘चॉइस’सारखं नाम असेल तर ‘टू’ लागतो: ‘वी हॅड नो चॉइस एक्सेप्ट टू वेट.’ अख्खं वाक्य जोडायचं असेल तर ‘एक्सेप्ट दॅट’ किंवा वेळ सांगताना ‘एक्सेप्ट व्हेन’: ‘द रूम इज फाइन, एक्सेप्ट दॅट द फॅन मेक्स अ नॉइज.’ भाड्याची खोली बघून आल्यावर घरमालकाला इंग्रजीत निरोप लिहायचा असेल तर हे वाक्य फार उपयोगी पडतं. तक्रार होते आणि गोडवाही राहतो.

एकवचन-अनेकवचनाचा फासा इथे बरेचदा चुकीचा पडतो. ‘एव्हरीवन एक्सेप्ट माय ब्रदर्स हॅज कम.’ क्रियापद ‘एव्हरीवन’चं आहे, भावांचं नाही, ते तर बाहेर काढले. म्हणून ‘हॅज’. ‘ब्रदर्स’ क्रियापदाला चिकटून बसल्यामुळे हात ‘हॅव’कडे जातो. ‘एक्सेप्ट’पासून त्या नावापर्यंतचा तुकडा बोटाने झाका, उरलेलं वाक्य वाचा, क्रियापद आपोआप बरोबर येईल.

सारखे दिसणारे तिघं

ई-एक्स-सी-ई-पी-टी म्हणजे वगळून. ए-सी-सी-ई-पी-टी म्हणजे स्वीकारणं. ई-एक्स-पी-ई-सी-टी म्हणजे अपेक्षा करणं. तिसऱ्याचा उच्चार ‘इक्स्पेक्ट’ असा वेगळा आहे, त्यामुळे तो फक्त टाइप करताना गोंधळ घालतो. पहिले दोन मात्र कानाला जवळजवळ एक आहेत. नीट म्हटलं तर पहिला ‘इक्सेप्ट’ आणि दुसरा ‘अक्सेप्ट’. दोन्हींत जोर ‘सेप्ट’वर. भरभर बोलताना इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या तोंडीही फरक पुसला जातो, तेव्हा उच्चारावर फार घाम गाळू नका. शेवटचा ‘प्ट’ मात्र गिळू नका, ‘एक्सेप’ असं तोडलं की ऐकणारा थबकतो.

फरक जागेवरून ओळखायचा. आधी करणारा असेल (आय, वी, द कंपनी) आणि वाक्यात दुसरं क्रियापद नसेल, तर तो स्वीकारण्याचा शब्द, ए-सी-सीवाला. नोकरीचं पत्र आल्यावर उत्तरात ‘आय अक्सेप्ट द ऑफर’ लिहिताना ई-एक्स-सी पडलं तर कागदावर ‘मी हा प्रस्ताव वगळतो’ असा अर्थ उमटतो. आणि स्पेलिंग तपासणारं यंत्र अशी चूक हमखास पकडेलच असं नाही, कारण शब्द खरा आहे, फक्त जागा चुकली आहे. अशी पत्रं पाठवण्याआधी ही पहिली दोन अक्षरं डोळ्यांनी बघाच.

वाचताना भेटणारा ‘एक्सेप्ट’

सियागंजातल्या घाऊक दुकानाचं छापील बिल हातात आलं तर खालचा कोपरा बघा. बऱ्याच बिलांवर ‘ई. अँड ओ. ई.’ अशी बारीक अक्षरं असतात. ती ‘एरर्स अँड ऑमिशन्स एक्सेप्टेड’ची आद्याक्षरं आहेत. इथे ‘एक्सेप्ट’ क्रियापद होऊन आला आहे: चुका आणि राहून गेलेल्या नोंदी वगळून, म्हणजे हिशेबात काही चुकलं असेल तर ते आमच्यावर बंधनकारक नाही, दुरुस्त करू. हिंदी बिलांवरचं ‘भूलचूक लेनी-देनी’ आणि आपलं ‘चू. भू. द्या. घ्या.’ याच घरातले. तुम्ही स्वतः बिलबुक छापून घेणार असाल तर पूर्ण शब्द छापताना सांभाळा. वर सांगितलेल्या तिघांपैकी चुकीचा बसला तर एकात ‘चुका मान्य’ होतात आणि दुसऱ्यात ‘चुका होतीलच’ असं गिऱ्हाइकाला छापील आश्वासन जातं.

कायद्याच्या वाचनात हा शब्द पावलोपावली आहे. संविधानाच्या २१व्या अनुच्छेदात कोणाचंही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावलं जाणार नाही असं म्हणून पुढे ‘एक्सेप्ट अकॉर्डिंग टू प्रोसीजर एस्टॅब्लिश्ड बाय लॉ’ येतं. कर लावण्याबद्दलच्या २६५व्या अनुच्छेदात ‘एक्सेप्ट बाय अथॉरिटी ऑफ लॉ’ आहे. मालमत्तेबद्दलच्या ३००-अ मध्ये मात्र त्याच अर्थाने ‘सेव्ह बाय अथॉरिटी ऑफ लॉ’ असं आहे. इथला ‘सेव्ह’ वाचवण्याचा नव्हे, तो ‘एक्सेप्ट’चाच जुना भाऊ. कायद्याबाहेर तो आता फारसा दिसत नाही, तुम्हीही वापरू नका. तिन्ही ठिकाणची बांधणी मात्र सारखी आहे: आधी ‘नो पर्सन’, ‘नो टॅक्स’ असा कडक नकारी ढीग, मग एकच फट. १८६०च्या दंडसंहितेतलं ३००वं कलम, आताच्या न्याय संहितेतलं १०१वं, याच शब्दाने सुरू होतं: ‘एक्सेप्ट इन द केसेस हिअरइनआफ्टर एक्सेप्टेड’. ‘हिअरइनआफ्टर’ म्हणजे ‘यापुढे याच मजकुरात’. एकाच ओळीत पहिला ‘एक्सेप्ट’ अव्यय आणि दुसरा ‘एक्सेप्टेड’ क्रियापद. अर्थ: पुढे ज्या बाजूला काढल्या आहेत त्या बाबी सोडून.

भंवरकुआँच्या शिकवण्यांतून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना ‘ऑल ऑफ द फॉलोइंग एक्सेप्ट’ हा प्रश्नप्रकार भेटतोच. घाईत डोळा ‘एक्सेप्ट’वरून निसटतो आणि पहिलं खरं विधान दिसताच गोल काळा होतो. म्हणून शब्दाखाली आधी रेघ मारा, मग प्रत्येक पर्यायापुढे पेन्सिलीने ‘ख’ किंवा ‘खो’ लिहा. चारांत तीन ‘ख’ आणि एक ‘खो’ आला पाहिजे, उत्तर ‘खो’. समजा विचारलं, ‘ऑल ऑफ द फॉलोइंग बिलाँग्ड टू द होळकर फॅमिली एक्सेप्ट’ आणि पर्याय मल्हारराव, अहिल्याबाई, तुकोजीराव, महादजी. महादजी शिंद्यांचे, तेव्हा उत्तर महादजी. (हे चुकवून ग्वाल्हेरच्या पाहुण्यांसमोर कबूल करू नये.) तीन ‘खो’ आले तर प्रश्न पुन्हा वाचा, बहुधा ‘नॉट’ आणि ‘एक्सेप्ट’ दोन्ही आहेत.

शेजारचे शब्द, थोडक्यात

‘ॲपार्ट फ्रॉम’ हा अगदी आपल्या ‘शिवाय’सारखा, दोन्हीकडचा. ‘ॲपार्ट फ्रॉम आजी’ म्हणजे आजी वगळून की धरून, ते बाकीच्या वाक्यावरून ठरतं. बोलण्यात सोयीचा आहे, पण पैसे, तारखा, जबाबदाऱ्या लिहिताना टाळा. ‘बट’ही ‘ऑल’, ‘नो’नंतर वगळण्याचा अर्थ देतो, ‘नोबडी बट सुनील’. मात्र ‘ऑल बट फिनिश्ड’ म्हणजे ‘जवळजवळ संपलेलं’ आणि ‘लास्ट बट वन’ म्हणजे शेवटून दुसरा. ‘बारिंग’ पुढे येऊ शकणाऱ्या विघ्नासाठी: ‘बारिंग रेन, द गेर विल स्टार्ट ऑन टाइम.’ (गेर म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक.)

‘एक्सक्लुझिव्ह ऑफ’ हिशेबाचा शब्द आहे. ५०० रुपये ‘एक्सक्लुझिव्ह ऑफ टॅक्स’ आणि कर ५ टक्के, तर द्यायचे ५२५. तिथे ‘एक्सेप्ट टॅक्स’ लिहू नये. ‘एक्झेम्प्ट’ म्हणजे सूट मिळालेला, तो माणसाला किंवा वस्तूला लागतो. ‘एक्सेप्शनल’ कौतुकाचा आणि ‘एक्सेप्शनेबल’ आक्षेपाचा, शिफारसपत्रात ही अदलाबदल फार महागात जाते. ‘टेक एक्सेप्शन टू’ म्हणजे एखाद्या गोष्टीला हरकत घेणं, अपवाद करणं नव्हे.

आता करून बघा

पुढची पाच वाक्यं कागदावर घ्या. प्रत्येकात आधी ढीग शोधा, मग वजाबाकी की बेरीज ते ठरवा, मगच इंग्रजी लिहा. १. बुधवारशिवाय रोज वर्ग असतो. २. मराठीशिवाय तिला गुजराती आणि हिंदी येते. ३. तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. ४. फॉर्म भरल्याशिवाय फी घेत नाहीत. ५. त्याच्याशिवाय कोणालाच किल्लीची जागा माहीत नाही.

पहिल्यात ढीग ‘रोज’: ‘देअर इज अ क्लास एव्हरी डे एक्सेप्ट वेन्सडे.’ दुसऱ्यात बेरीज, तिला तीन भाषा येतात: ‘बिसाइड्स मराठी, शी नोज गुजराती अँड हिंदी.’ तिसऱ्याला ‘विदाऊट अ टिकेट’. चौथ्याला ‘अंटिल’ किंवा ‘अनलेस’. पाचव्यात नकारी ढीग आहे, म्हणून ‘नोबडी एक्सेप्ट हिम नोज व्हेअर द की इज’. ‘ही’ लिहिलं असेल तर चौथी पायरी, आणि ‘एक्सेप्ट हिम’ वाक्याच्या तोंडाशी नेलं असेल तर तिसरी पायरी पुन्हा वाचा.